चाळीस पायांची चिप

काकांच्या कॉम्प्युटरला मिरचीचा वास यायचा. तसा तो आमच्या घरातल्या सगळ्याच वस्तूंना यायचा, उशांच्या अभ्र्यांपासून माझ्या शाळेच्या टायपर्यंत. खाली बाबांची मिरचीची आडत, वर आम्ही. हंगामात नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीच्या गाड्या लागल्या की खिडकीच्या गजांवर तांबूस पूड बसायची आणि ती पुढच्या हंगामापर्यंत कुठे ना कुठे टिकून राहायची. कॉम्प्युटरचा वास मात्र वेगळा होता. तो सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झाली, आतला भाग तापला, की फटींत बसलेली पूड भाजल्यासारखी व्हायची आणि आई स्वयंपाकघरातून खोकत विचारायची, "लावलं का ते पुन्हा?"

घरात आम्ही मारवाडी बोलतो, ते इथे मराठीत लिहिते आहे. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना मिरची सहन होत नसे. पोतं उघडलं की एकामागून एक इतक्या शिंका यायच्या, की गिऱ्हाईक भाव विसरायचं. मिरचीच्या घरात जन्माला येऊन मिरचीशी वैर, म्हणून त्यांना तरुणपणी सुरतेला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकायला पाठवलं. ते परत आले ती विद्या आणि हे यंत्र घेऊन. सुरतेच्या एका कापडवाल्यांच्या परदेशातल्या नातेवाइकांनी मुलांसाठी आणलेला तो घरगुती कॉम्प्युटर होता. मुलांनी तो वर्षभरात बंद पाडला आणि कुणालाच तो दुरुस्त करता येईना, तेव्हा घरच्यांनी काकांना दिला. जमला तर तुमचा, म्हणाले. काकांना जमला. गल्लीकडच्या खोलीत त्यांनी दुकान मांडलं आणि मिक्सर, टेपरेकॉर्डर, रेडिओ यांच्या मधोमध त्या यंत्राला जागा दिली.

यंत्र माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. वहीएवढं, काळं, खोडरबरासारख्या मऊ बटणांचं. पडदा नाही. ते जुन्या टीव्हीला जोडायचं. प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर लावला की किरकिर, शीळ, मग लांबच लांब किंचाळी, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण टेबलाला धक्का लागला तर पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणायची, "त्या मांजराला आधी सोडा बाहेर." आज माझ्या हातातला फोन सुरू होताना आवाज करत नाही. मला त्याचं कधी कधी चुकल्यासारखं वाटतं. चालू होताना यंत्रानं काहीतरी कष्ट घेतल्याचं कळायला हवं.

काका झाकण उघडून दाखवायचे. हिरव्या पट्टीवर बऱ्याच काळ्या वड्या, आणि त्यांतली सगळ्यात लांब ती मायक्रोप्रोसेसरची चिप. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत झेड-एटी लिहिलेलं. दोन्ही बाजूंना वीस-वीस पाय, एका टोकाला अर्ध्या चंद्रासारखी खाच. काका बोटानं न शिवता दाखवत. "सगळा हिशोब ही करते. बाकीचे नोकर." मग ते सांगायचे. पहिली अशी चिप कॉम्प्युटरसाठी झालीच नव्हती, ती केली होती आकडेमोडीच्या यंत्रासाठी, एका जपानी कंपनीनं मागणी केली म्हणून. ती एका वेळी फक्त चार खुणा हाताळायची, चार बिट. नंतर आठ बिटांच्या आल्या, पण इतक्या महाग, की घरात कोण आणणार? मग काही इंजिनियर आपल्या कंपन्या सोडून निघाले आणि त्यांनी स्वस्त चिपा केल्या. आमची झेड-एटी अशाच एका बाहेर पडलेल्या माणसाची. तिचीच एक प्रतिस्पर्धी होती. ती ज्यांनी काढली त्यांनी म्हणे एका मोठ्या मेळाव्याच्या वेळी काचेच्या बरण्यांमध्ये चिपा भरून ठेवल्या आणि लोकांना हातोहात विकल्या. इतर चिपांची किंमत ऐकून घाबरलेली माणसं त्या बरण्यांसमोर रांगेत उभी राहिली. त्यातल्या काहींनी घरी जाऊन गॅरेजमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉम्प्युटर जुळवले, आणि तिथून हे यंत्र घराघरात आलं. "आणि गंमत माहीत आहे?" काका शेवटी हळूच म्हणायचे, "बरणीतल्या वरच्या तेवढ्याच चिपा चालणाऱ्या होत्या. खालच्या नुसत्या भरतीच्या. चांगला माल पोत्याच्या तोंडाशी! हे शिकायला त्यांना नंदुरबारला यायची गरज पडली नाही." ही गोष्ट मी निदान तीस वेळा ऐकली असेल आणि प्रत्येक वेळी एकटीनं ऐकली. माझ्यासाठी तेच महत्त्वाचं होतं.

मी फार बोलत नसे. शाळेत बाई हजेरी घेताना "प्रेझेंट" म्हणायलासुद्धा मला घसा साफ करावा लागे. पण काकांच्या खोलीत माझं एक पक्कं काम होतं. यंत्राबरोबर इंग्रजी माहितीपुस्तिका आली होती, आणि काका शिकले होते मराठी शाळेत. मी इंग्लिश मीडियमची. मी वाचायची, अर्थ सांगायची, काका बटणं दाबायचे. पुस्तिकेची पानं शिवणीतून सुटली होती, ती मी पुठ्ठ्यात बांधली आणि वरती माझं नाव लिहिलं, खुशबू, बारीक अक्षरात, आतल्या बाजूला. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, हरवू नये म्हणून.

मोनाली आली ती एका रिक्षाच्या टेपरेकॉर्डरमुळे. आम्हा सात-आठ मुलांना शाळेत नेणारी रिक्षा नानाभाऊंची. मोनाली त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. ती पुढे, वडिलांच्या सीटच्या कोपऱ्यावर अर्धी बसायची आणि वाटेत तिच्या मराठी शाळेशी उतरायची. मागे आम्ही टाय लावलेले. तिला पुढे वारा लागायचा, कधी कधी हॉर्न तिला वाजवायला मिळायचा. मला त्या अर्ध्या सीटचा किती हेवा वाटायचा हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एका रविवारी नानाभाऊ टेप दुरुस्तीला घेऊन आले आणि ती बरोबर होती.

त्या दिवशी काकांनी एका फळीवर आठ छोटे दिवे बसवून यंत्राला जोडले होते. आकडा टाकला की त्याप्रमाणे दिवे लागायचे. एक टाकला, पहिला दिवा लागला. दोन टाकला, दुसरा. चार टाकला, तिसरा. पुस्तिकेत यावर दोन पानं होती आणि ती मला पाठ होती. मोनाली दारातून पुढे सरकत टेबलाशी आली आणि तिच्या घरच्या अहिराणीत म्हणाली,

"आते आठ टाका ना काका. चौथा लागस का देखूत."

काकांनी मान वर केली. आठ टाकला, चौथा लागला. मग ते म्हणाले, "बरं, दोन्ही टोकांचे लावायचे असतील तर?"

मला उत्तर माहीत होतं. घशापर्यंत आलं होतं. मोनालीनं बोटं एकेक करून दुमडली, ओठ हलवले, दुप्पट, दुप्पट, दुप्पट, आणि म्हणाली, "एकशे एकोणतीस."

काका हसले. ते हसणं मी ओळखत होते. बंद पडलेला रेडिओ पहिल्यांदा खरखरला की ते तसे हसायचे. "खुशबू," ते म्हणाले, "हिला पुस्तक लागत नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य माझ्यात जिथे जाऊन बसलं तिथून अजून पुरतं उठलेलं नाही. पुस्तक म्हणजे मी होते. पुस्तक लागत नसेल तर मी कशाला लागणार?

त्यानंतर ती शाळा सुटल्यावर येऊ लागली. चप्पल दाराशी अशी काढायची की एक उलटी पडायची. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा, लसणाचा, जो आमच्या जैन घरात येत नाही. ती खात खात बोलायची, आणि तो वास काकांच्या खोलीत राहिला की आई दार लोटून घ्यायची, पण तिला काही म्हणायची नाही. मी पुस्तिका वाचायला घेतली की मोनाली दोन ओळी ऐकून म्हणायची, "हां, समजनं," आणि खरंच समजलेलं असायचं. काका तिला चूक करू द्यायचे. मला ते चूक करू देत नसत, किंवा मीच करत नसे. पावसाळी हवेनं चिपेचे पाय काळे पडून यंत्र मधेच अडायचं, तेव्हा चिप हलकेच उचकटून काढायची, पाय खोडरबरानं घासायचे आणि पुन्हा बसवायची, हे काकांनी आम्हा दोघींना एकदमच शिकवलं. मोनाली लगेच करून मोकळी झाली. मी म्हटलं, "नंतर करते." काका म्हणाले, "खाच कायम वायरीच्या बाजूला. उलटी बसली आणि वीज दिली, तर गेलीच ती."

पर्युषणाचे आठ दिवस आले. पहिल्या दिवशी उपाश्रयात मुक्कामाला आलेल्या साध्वीजींनी मुलांना विचारलं, कोण कोणता नेम घेणार? सगळ्या मुलींनी टीव्ही न बघण्याला हात वर केले, मीही केला. हात वर न करणं मला जास्त अवघड गेलं असतं. काकांचा दरवर्षीचा नेम दुकान बंद ठेवण्याचा होता. तापलेल्या सोल्डरवर चिलटं येऊन पडतात, म्हणून आठ दिवस कोणतंही यंत्र लावायचं नाही, उघडायचं नाही. घरात हिरवी भाजी बंद, परातीत उकळून निवत ठेवलेलं पाणी, दुपारी एकदाच पाटावर बसून जेवायचं. मूग, गट्टे, खाखरे. मला ते दिवस आवडायचे. सगळं घर माझ्यासारखं कमी बोलायचं.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या गणेश मंडळाची माणसं काकांकडे आली. आरास करणारा ऐनवेळी फिरला होता. पळत्या दिव्यांच्या माळा होत्या, पण त्या पळवणार कोण? काका म्हणाले, आमचं यंत्र पळवेल. आठ दिव्यांऐवजी आठ माळा जोडायच्या. त्या चालूबंद करणारी पट्टी त्यांनी आधीच करून ठेवली होती. नक्षी कशी पळेल तेवढं यंत्राला लिहून द्यायचं. मी भिंतीशी उभी होते. मंडळातल्या एकानं विचारलं, "पण तुमचं तर पर्युषण, काका. बसणार कोण?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना माझा नेम आठवला. यंत्राचा पडदा म्हणजे टीव्हीच.

"मोनाली बसेल," ते म्हणाले.

पुढचे चार दिवस मी दाराच्या बाहेरून ऐकलं. किंचाळणारी कॅसेट. पट्टीची टक्-टक्-टक्. काका आत जाऊन खुर्चीवर हात मागे बांधून बसायचे, कशालाही न शिवता, आणि तोंडानं सांगायचे. मोनालीनं आठ माळांची नक्षी वहीत फुल्यांनी आखली होती. एका फेरीत उजेड दोन्ही टोकांकडून मधे यायचा, गणपतीपाशी मिळायचा, आणि परत पसरायचा. मी ती वही चोरून पाहिली. नक्षी सुंदर होती. चुका शोधल्या, एकही नव्हती. नानाभाऊ रिक्षात येता-जाता सगळ्यांना सांगत होते, "यंदा गणपतीना उजेड मन्ही पोर पाडी ऱ्हायनी!" मागच्या सीटवर मी दप्तर मांडीवर धरून बसलेली असायची.

सातव्या दिवशी दुपारी घरचे सगळे उपाश्रयात वाचन ऐकायला गेले. माझं डोकं दुखतंय असं मी सांगितलं. मोनालीनं सकाळीच चिपेचे पाय घासून ती परत बसवली होती आणि झाकण उघडं ठेवून ती जेवायला घरी गेली होती. परत येऊन शेवटची चाचणी घ्यायची, मग यंत्र मांडवात न्यायचं.

मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. टोक चिपेखाली सारलं, या बाजूनं थोडंसं, मग त्या बाजूनं थोडंसं, जसं काकांनी सांगितलं होतं तसं. घाई केली नाही. चिप सुटून तळहातावर आली तेव्हा ती इतकी हलकी होती, की मी ती खरीच आहे का हे पाहिलं. मग फिरवली. चाळीस पाय चाळीस भोकांवर टेकवले, डोळा टेबलाच्या पातळीला आणून पुन्हा पाहिले, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. एकही पाय वाकला नाही. खाच आता वायरीच्या उलट बाजूला होती. मी वीज वापरली नव्हती. पडदा लावला नव्हता. माझा नेम जसाच्या तसा होता. हे मी त्या वेळी खरंच मनात म्हटलं, म्हणून इथे लिहिते.

मोनाली आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बटणाचा आवाज आला. नंतर काहीच नाही. मग तिची पावलं, पुन्हा बटण, पुन्हा काही नाही. वास आधी आला, नेहमीच्या मिरचीच्या वासापेक्षा उग्र, नाकात टोचणारा. ती दारात येऊन मला म्हणाली, "व खुशबू, ते बोलीच नही ऱ्हायनं." मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता म्हटलं, "मला माहीत नाही. माझा नेम आहे."

काका आले. त्या वर्षी प्रथमच त्यांनी नेम मोडून चिपेला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, भाजलं होतं. वाकून पाहिलं. "खाच उलटी आहे, बेटा."

"मी सुलटीच लाई व्हती," मोनाली म्हणाली.

"होतं असं. माझ्याही हातून झालंय."

"मी खूण देखी व्हती, काका. देखीसनच लाई." तिनं तीन-चार वेळा तेच सांगितलं, प्रत्येक वेळी थोडं हळू. काका मान हलवत होते, समजावल्यासारखी. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही आणि रागावलेही नाहीत. ती रडली नाही. वही घेतली, चपला घातल्या, दोन्ही नीट, आणि गेली.

नवी चिप मुंबईहून मागवावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी गणपती बसला. माळा लावल्या, पण त्या नुसत्याच पेटून राहिल्या, लग्नघरासारख्या. रिक्षा मांडवासमोरून निघाली की पोरं ओरडायची, "नानाभाऊ, तुन्ही पोरनी गणपतीले अंधारामा बसाडं!" मी खिडकीतून ऐकत होते. नानाभाऊंनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

त्याच दिवशी आमची संवत्सरी होती, पर्युषणाचा शेवटचा दिवस. दिवसभर उपास, संध्याकाळी उपाश्रयात प्रतिक्रमण. वर्षभरात मनानं, वाणीनं, कायेनं ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांची क्षमा. ते संपलं की जो तो हात जोडून भेटेल त्याला म्हणतो, मिच्छामि दुक्कडम्. लहान मोठ्यांना, मोठे लहानांना, सासू सुनेला, एकमेकांशी वर्षभर न बोललेले व्यापारीसुद्धा. त्याची एक रीत आहे. कशासाठी ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मी काकांसमोर हात जोडले. त्यांनीही माझ्यासमोर जोडले, आणि डोक्यावर हात ठेवला. भाजलेल्या बोटाला हळद लावलेली होती. मला वाटलं होतं, ते शब्द म्हटले की आत काही तरी हलकं होईल. झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सांगितलं, नानाभाऊंनाही म्हण, रोज नेतात ते तुला. रिक्षा आली. मोनाली पुढे बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. मागे मुलं बसलेली. मी आत चढायच्या आधी हात जोडून नानाभाऊंना मिच्छामि दुक्कडम् म्हटलं.

"हां बेटा, आमनं बी, आमनं बी," ते म्हणाले. दरवर्षी म्हणायचे.

मग मी मोनालीकडे वळून म्हटलं. तिनं मान वळवली.

"हाई काय ऱ्हास?"

"माफी मागतात. वर्षभरात काही चुकलं असेल तर."

"कसानी?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आमच्यात विचारतच नाहीत.

"कसानी माफी मांगी ऱ्हायनी तू?" तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी काहीतरी बोलून आत चढले असते.

"चिप मी उलटी बसवली," मी म्हटलं. "तू बरोबर बसवली होतीस."

नानाभाऊंनी चालू केलेली रिक्षा बंद केली. मोनाली माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं आता ती खाली उतरेल, मारेल, थुंकेल, काहीही. ती म्हणाली, "कसाघाई काढी?"

"कर्कटकानं."

"एक बी पाय वाकना नही?"

"नाही."

"मंग येत व्हतं ना तुले," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे तोंड फिरवून बसली.

नानाभाऊंनी समोर बघतच विचारलं, "मंडळमा तू सांगशी, का मी सांगू?"

"मी."

"चाल, बठ."

संध्याकाळी आरतीच्या आधी मी मांडवात जाऊन सांगितलं. एकदा सांगितलं ते कुणाला ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज इतका मोठा निघाला, की स्पीकरवाला वळून बघायला लागला. पुढचे कित्येक दिवस गल्लीत मला बघून कोपर कोपराला लागायचं. काकांना त्याच रात्री सांगितलं, तेव्हा ते खुर्चीवर बसूनच होते. म्हणाले, "काल तू हात जोडलेस, त्यात हे होतं?"

"होतं."

"मला ठाऊक नव्हतं. मग माझं उत्तर द्यायचं राहिलं." त्यांनी ते दोन दिवसांनी दिलं, जेवायच्या आधी, पाटाशी उभं राहून, हात जोडून. ते दोन दिवस फार मोठे होते.

आज मी पुण्यात एका कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. म्हणजे जे करत होते तेच करते. मोनालीचं नंदुरबारला दुकान आहे, बॅटरीवरच्या रिक्षांची, इन्व्हर्टरची कार्डं ती दुरुस्त करते. सुरतेहूनसुद्धा तिच्याकडे माल येतो. काकांनी ते काळं यंत्र तिला दिलं, मला विचारून दिलं, आणि मी हो म्हटलं. तिच्या काचेच्या कपाटात ते पाहिलं की अजून मला कुठेतरी बारीक टोचतं. वय वाढलं की हेवा जातो असं म्हणतात. माझा काही गेला नाही, फक्त तो आता मला ओळखीचा झाला आहे.

नवी चिप मुंबईहून आली ती विसर्जनाच्या दोन दिवस आधी. काकांनी डबी उघडून मोनालीपुढे ठेवली. तिनं ती उचलली, पाय तपासले, आणि माझ्यापुढे धरली.

"तू लाव."

"नको. तूच."

"तूच लाव. मी देखस."

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ती बघत बसली. काकाही बघत होते. मी खाच वायरीच्या बाजूला केली, एकदा सोडून तीनदा पाहिली. चाळीस पाय टेकवले. अंगठ्यांनी दाबलं आणि कोपऱ्यातला एक पाय सॉकेटच्या बाहेर वाकला.

मोनालीनं चिप सॉकेटमधून सोडवून घेतली, उजेडाकडे धरली आणि नखानं तो पाय सरळ केला, एकाच खेपेत, भाकरीचा काठ थापावा तसा. मग ती परत माझ्या हातात दिली. त्या रात्री उजेड दोन्ही टोकांकडून आला, मधे मिळाला आणि परत पसरला, आणि सगळे टाळ्या वाजवत असताना मी तिच्या नखाकडे बघत होते. किती सहज केलं हिनं, मला वाटत होतं. मला का नाही येत असं?

तो पाय अजून किंचित तिरका आहे. मागच्या वेळी गेले, तेव्हा तिनं झाकण उघडून दाखवला.